सोनं फुटत का नाही?

कोल्हापुरात मंगळवार पेठेतून मिरजकर तिकटी ओलांडायची, बिनखांबी गणेश मंदिरावरून महाद्वार रोडला लागायचं, की थोड्या वेळात गुजरी येते. तिथल्या सराफाच्या काट्यावर दहा ग्रॅमचं वेढणं ठेवलं तर त्यात सोन्याचे किती अणू भरतील? तीनावर बावीस शून्यं इतके. त्यातल्या प्रत्येक अणूच्या मधोमध 79 प्रोटॉन दाटीवाटीनं बसलेले असतात आणि प्रत्येक जण बाकीच्या 78 जणांना दूर लोटत असतो. बारावीच्या वर्गात कूलोमचा नियम शिकवून झाला की एखादं पोरगं हमखास विचारतं, ‘सर, मग सोनं फुटत का नाही?’

‘प्रबळ बल असतं म्हणून’ हे उत्तर खोटं नाही, पण त्यानं प्रश्न मिटतो कमी आणि बुजतो जास्त. ते 79 प्रोटॉन आत कुठं असतात? मध्यभागी की कडेला? सगळे सारखेच फिरतात का? त्यांची जवळीक कुणाशी असते, आपल्याच जातीच्या प्रोटॉनशी की न्यूट्रॉनशी? जड अणुकेंद्रकांबद्दलचे हे प्रश्न शंभराहून जास्त वर्षं चालू आहेत आणि त्यांची उत्तरं मिळवण्यात मुंबईचाही हात आहे. त्या सगळ्याचा हा आढावा. माझं मत आधीच सांगून टाकतो. प्रोटॉन कुठं असतात हे आता पक्कं कळलंय. ते कुणाबरोबर असतात, हे कळायला मात्र आत्ता कुठं सुरुवात झालीय, आणि या विषयाची खरी गंमत तिथंच आहे.

आधी ढकलाढकलीचा हिशेब करू. अणुकेंद्रकातली अंतरं फर्मीमध्ये मोजतात. एका मिलिमीटरचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक फर्मी. दोन प्रोटॉन एकमेकांपासून 2 फर्मीवर असले तर त्यांच्यातलं विद्युत अपकर्षण सुमारे 58 न्यूटन भरतं, म्हणजे सहा किलो वजनाइतकं. सोन्याच्या केंद्रकाच्या कडेला असलेल्या एका प्रोटॉनवर बाकीच्या 78 जणांचा मिळून रेटा येतो तो जवळजवळ 37 किलोंचा. ज्या कणाचं वस्तुमान ग्रॅमच्या तुलनेत सांगायला दशांशचिन्हापुढे तेवीस शून्यं मांडावी लागतात, त्याच्यावर हा भार! सगळ्या प्रोटॉनांची ढकलण्याची ऊर्जा एकत्र केली तर ती 750 एमईव्हीच्या, म्हणजे 750 दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या घरात जाते. एवढं उणं धरूनही सोन्याचं केंद्रक सुमारे 1560 एमईव्हीनं बांधलेलं राहतं. यावरून प्रबळ बलाची ताकद लक्षात यावी.

पण या बलाचा हात आखूड. साधारण एक-दीड फर्मीवर ते जोरात ओढतं, तीन फर्मीवर जवळजवळ संपतं आणि अर्ध्या फर्मीच्या आत उलट ढकलायला लागतं. त्यामुळं प्रत्येक प्रोटॉनला ढकलतात सगळे, पण धरून ठेवतात फक्त शेजारी. केंद्रक मोठं होत जाईल तसं ढकलणं प्रोटॉनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं आणि धरून ठेवणं नुसतं कणसंख्येच्या प्रमाणात. म्हणून जड केंद्रकांना न्यूट्रॉन जास्त लागतात. ते ओढतात, पण विद्युतभार नसल्यानं लोटत नाहीत. कॅल्शियम-40 मध्ये दोन्ही बाजू वीस-वीस आहेत, आणि बरोबरीतलं टिकाऊ असं ते शेवटचंच केंद्रक. सोन्यात 79 प्रोटॉनांमागे 118 न्यूट्रॉन आहेत, शिशात 82 ला 126 आणि युरेनियम-238 मध्ये 92 ला 146. जड केंद्रकात प्रोटॉन अल्पसंख्य असतात. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढं तिचं महत्त्व फार वाढतं.

या विषयाची सुरुवातही सोन्यापासूनच झाली. 1909 साली मँचेस्टरमध्ये गायगर आणि मार्सडेन यांनी सोन्याच्या वर्खावर अल्फा कण सोडले आणि काही कण चक्क मागं परतलेले पाहिले. सोनं निवडायचं कारण कुठलाही सराफ सांगेल. ते ठोकून हवं तेवढं पातळ करता येतं. 1911 मध्ये रदरफर्डनं त्या निरीक्षणांतून केंद्रकाची कल्पना मांडली. सोन्याच्या केंद्रकावरचा विद्युतभार त्यानं साधारण 100 धरला होता. खरा आकडा 79 आहे हे मोसलीच्या 1913 च्या क्ष-किरणांच्या कामानंतर ठरलं. आतली रचना मात्र रदरफर्डला दिसणं शक्य नव्हतं. त्याच्या अल्फा कणांना सोन्याच्या केंद्रकाला शिवण्याइतकी ऊर्जाच नव्हती, ते बाहेरूनच लोटले जात होते. न्यूट्रॉन तर 1932 मध्ये चॅडविकला सापडला. तोवर केंद्रकात प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन असतात असं मोठमोठे लोक मानत होते.

प्रोटॉनांची मांडणी खऱ्या अर्थानं दिसली ती 1950 च्या दशकात, स्टॅनफर्डला. रॉबर्ट हॉफस्टाटरनं इलेक्ट्रॉन वापरले. इलेक्ट्रॉनला प्रबळ बल कळतच नाही, त्याला कळतो फक्त विद्युतभार. त्यामुळं केंद्रकात शिरलेला इलेक्ट्रॉन न्यूट्रॉनांकडं जवळजवळ ढुंकूनही बघत नाही, प्रोटॉनांचाच नकाशा घेऊन बाहेर येतो. 183 एमईव्हीचे इलेक्ट्रॉन सोन्यावर मारून निघालेला नकाशा असा होता: मध्यापासून बाहेर येताना विद्युतभाराची घनता बराच वेळ सपाट राहते, 6.38 फर्मीवर ती निम्मी होते आणि नव्वद टक्क्यांवरून दहा टक्क्यांवर यायला तिला 2.3 फर्मी लागतात. म्हणजे सोन्याच्या केंद्रकाला धारदार कड नाही, कडेचा पट्टाच त्रिज्येच्या तिसऱ्या हिश्शाहून जाड आहे. एकमेकांना एवढे लोटत असूनही प्रोटॉन सगळे कडेला जाऊन चिकटलेले नाहीत, ही त्यातली मोठी बातमी. धातूच्या पोकळ गोळ्यावर विद्युतभार पृष्ठभागावर पळतो. इथं तो पळू शकत नाही, कारण प्रोटॉन एका जागी गोळा झाले तर तिथलं प्रोटॉन-न्यूट्रॉनचं प्रमाण बिघडतं आणि त्याची किंमत अपकर्षणापेक्षा महाग पडते. अगदी जड केंद्रकांत मध्यभागी किंचित खळगा पडतो, एवढंच. हॉफस्टाटरला 1961 चं नोबेल मिळालं.

दुसरी वाट म्युऑनची. म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचाच 207 पट जड भाऊबंद. तो शिशाच्या अणूत अडकला की घसरत घसरत सर्वांत आतल्या कक्षेत येतो आणि त्या कक्षेची त्रिज्या निघते फक्त 3 फर्मी. शिशाचं केंद्रक 7 फर्मीचं, म्हणजे म्युऑन बराचसा वेळ केंद्रकाच्या आतच फिरतो. मोकळ्या म्युऑनचं आयुष्य एका सेकंदाच्या दहा लाख भागांतल्या दोन भागांचं, पण अणूच्या हिशेबात तो काळ ऐसपैस. 1953 मध्ये फिच आणि रेनवॉटर यांनी अशा म्युऑनी अणूंचे क्ष-किरण मोजले आणि केंद्रकं तोवरच्या समजापेक्षा लहान आहेत हे दाखवून दिलं. आज शिशाची विद्युतभार-त्रिज्या 5.501 फर्मी अशी छापली जाते आणि तीत चूक असलीच तर शेवटच्या आकड्यात एखाद्या अंकाची. निसर्गातल्या फार थोड्या गोष्टी इतक्या अचूक मोजल्या गेल्यात.

इथवर आपण सपाट घनतेबद्दल बोललो. पण 1949 पासून मारिया गेपर्ट-मायर आणि येन्सन यांची कवच-प्रतिकृती सांगत होती की प्रोटॉन आणि न्यूट्रॉन आपापल्या ठरीव कक्षांत फिरतात आणि 2, 8, 20, 28, 50, 82, 126 या संख्यांवर कवचं भरतात. शिसं-208 मध्ये दोन्ही कवचं भरलेली. सोनं त्याला तीन प्रोटॉनांनी कमी. ऐकायला हे छान वाटतं, पण इतक्या दाट गर्दीत कक्षा टिकेल कशी, असा आक्षेप जुनाच होता. फ्रान्समधल्या सॅक्लेच्या प्रयोगशाळेनं 1982 मध्ये त्याचं उत्तर दिलं, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातला तो सर्वांत देखणा प्रयोग आहे.

कल्पना साधी होती. शिसं-206 मध्ये 82 प्रोटॉन, थॅलियम-205 मध्ये 81. न्यूट्रॉन दोन्हीकडं 124. दोघांचे विद्युतभाराचे नकाशे इलेक्ट्रॉन मारून काढायचे आणि एकातून दुसरा वजा करायचा. उरेल तो एका प्रोटॉनचा नकाशा, शिशात जो जास्तीचा आहे त्याचा. कवच-प्रतिकृतीप्रमाणं हा प्रोटॉन ज्या कक्षेत असायला हवा, तिला तज्ज्ञ 3एस म्हणतात. त्या कक्षेचा उंचवटा बरोबर केंद्रकाच्या मध्यावर येतो आणि बाहेर जाताना ती दोनदा शून्याला टेकते. वजाबाकी केली तर आलेख तसाच निघाला: मध्यावर उंच, मग खाली, मग पुन्हा लहान उंचवटे. जड केंद्रकाच्या अगदी पोटात, जिथं सगळीकडून कण कणांना चिकटलेले, तिथंही एक प्रोटॉन आपली कक्षा राखून आहे हे डोळ्यांना दिसलं. फक्त एक गोष्ट जुळेना. उंचवट्याची उंची हिशेबापेक्षा कमी भरली, साधारण सत्तर टक्क्यांच्या आसपास. पुढं नेदरलँड्समधल्या निकेफ प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉनांनी प्रोटॉनच बाहेर काढून मोजदाद केली, तेव्हाही आकडा तिथंच राहिला. प्रोटॉन आपल्या कक्षेत सापडतो, पण शंभरातल्या सत्तर वेळाच. उरलेल्या तीस वेळा तो कुठं असतो? या उणिवेवर लोक पुढची पंचवीस वर्षं डोकं खाजवत राहिले. तिकडं वळूच, त्याआधी सोन्याच्या शेजाऱ्याची हकिगत सांगायला हवी.

हा शेजारी म्हणजे पारा, 80 प्रोटॉनांचा. सोनारांच्या जुन्या धंद्यात पाऱ्याला मोठा मान होता, तो वेगळ्या कारणानं. जीनिव्हाजवळच्या सर्नमध्ये आयसोल्ड नावाची यंत्रणा आहे, तिथं अल्पायुषी केंद्रकं तयार करून त्यांचा प्रकाश तपासतात. अणूतून निघणाऱ्या प्रकाशाच्या रंगात केंद्रकाच्या आकारमानानुसार अतिसूक्ष्म फरक पडतो, त्यावरून प्रोटॉनांचा पसारा मोजता येतो. पाऱ्यातले न्यूट्रॉन कमी कमी करत गेलं तर पसाराही हळूहळू आकसायला हवा. 1972 मध्ये असं दिसलं की पारा-187 वरून पारा-185 वर येताना तो एकदम फुगतो! पुढच्या मोजमापांत तर आणखी विचित्र चित्र दिसलं. 186, 184, 182 हे जवळपास गोल, आणि मधले 185, 183, 181 चांगलेच लांबुळके. एक न्यूट्रॉन काढला की सगळे प्रोटॉन लांबट मांडणीत जातात, आणखी एक काढला की पुन्हा गोल. हा प्रकार 181 च्या खाली थांबतो हे 2018 मध्ये नक्की झालं. त्यामागचं कारण असं सांगितलं जातं की 82 च्या कवचाखालचे काही प्रोटॉन उडी मारून वरच्या कक्षेत जातात, तिथं त्यांचं न्यूट्रॉनांशी जास्त जमतं, आणि गोल व लांबट या दोन्ही मांडण्यांची ऊर्जा इतकी जवळजवळ येते की एका न्यूट्रॉनच्या वजनानं पारडं फिरतं. प्रोटॉनांची मांडणी हा नुसता प्रोटॉनांचा मामला नाही, हे यातून पहिल्यांदा ठसठशीत दिसलं. हलक्या सोन्याच्या केंद्रकांतही असे गोल-लांबट खेळ सापडलेत. बाकी आकारांबद्दल थोडक्यात: युरेनियम कायमचा लांबुळका आहे, रेडियम-224 एका टोकाला फुगीर आहे हे 2013 मध्ये सर्नलाच सिद्ध झालं, आणि केंद्रकं अशी बेढब का असतात हे सांगणाऱ्या रेनवॉटर, आगे बोर आणि मॉटलसन यांना 1975 चं नोबेल मिळालेलं आहे.

आता मुंबईकडं येऊ. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) 1950 च्या दशकात बी. व्ही. ठोसर यांच्या गटानं बीटा आणि गॅमा किरणांच्या वर्णपटांवर काम सुरू केलं. केंद्रकाच्या आतल्या पायऱ्या मोजायची आपल्याकडची ही जुनी शाळा. ट्रॉम्बेला अप्सरा अणुभट्टी 4 ऑगस्ट 1956 ला चालू झाली. पण जड केंद्रकांच्या अभ्यासाला खरा जोर आला तो 1988 च्या डिसेंबरात, टीआयएफआरच्या आवारात भाभा अणुसंशोधन केंद्राच्या भागीदारीत उभारलेला पेलेट्रॉन सुरू झाला तेव्हा. हा 14 दशलक्ष व्होल्टचा उभा त्वरक आहे. ऋण आयन वरून खाली खेचले जातात, मधोमध कार्बनच्या पातळ पापुद्र्यातून जाताना त्यांचे इलेक्ट्रॉन ओरबाडले जातात, आयन धन होतात आणि तोच व्होल्टेज त्यांना दुसऱ्यांदा, आणखी खाली, ढकलतो. प्रोटॉनला या हिशेबानं 28 एमईव्ही मिळतात. सोन्याचे 79 प्रोटॉन बाहेरून येणाऱ्या प्रोटॉनला अडवायला जी भिंत उभी करतात ती साधारण 12 ते 14 एमईव्हीची, म्हणजे ती ओलांडून आत शिरता येतं. जड आयनांसाठी पुढं अतिसंवाहक जोडत्वरक बसवला. त्याच्या तांब्याच्या पोकळ्यांवर शिशाचा मुलामा आहे, कारण अतिथंड शिसं विजेला विरोध करत नाही. आपण ज्या धातूच्या केंद्रकाबद्दल बोलतोय तोच धातू केंद्रकं फोडायच्या यंत्रात कामाला, हा योगायोग मला फार आवडतो.

जड केंद्रकं एकमेकांवर आपटून फुटतात तेव्हा तुकडे कुठल्या दिशेनं उडतात, यात एक विसंगती दिसत होती. भाभा केंद्राच्या व्ही. एस. रामामूर्ती आणि एस. एस. कपूर यांनी 1985 मध्ये त्याचं स्पष्टीकरण दिलं की काही केंद्रकं पूर्ण स्थिरावण्याआधीच फुटतात. जगभर ते वाचलं गेलं. आणि पवईला आयआयटी मुंबईत वाय. के. गंभीर यांनी म्युनिकच्या पीटर रिंग आणि थिमेट यांच्याबरोबर 1990 मध्ये सापेक्षतावादी सरासरी-क्षेत्र सिद्धांतावर निबंध लिहिला. हलक्या केंद्रकांपासून शिशापर्यंत प्रोटॉन आणि न्यूट्रॉनांचे वेगवेगळे पसारे एकाच सूत्रसमूहातून काढायची ती पद्धत आजही वापरात आहे. मराठी मुलखात बसून केलेल्या कामाची ओळख आपल्या पाठ्यपुस्तकांत मात्र शोधूनही सापडत नाही.

पसारे वेगवेगळे, असं वर म्हटलं. शिशात 44 न्यूट्रॉन जास्तीचे आहेत, ते कुठं बसतात? सिद्धांत म्हणतो की ते बाहेर सरकतात आणि प्रोटॉनांच्या गोळ्याभोवती न्यूट्रॉनांचा पातळ थर होतो. याला न्यूट्रॉन-त्वचा म्हणतात. ती मोजायची कशी, ही पंचाईत. इलेक्ट्रॉनला न्यूट्रॉन दिसत नाहीत, आणि प्रबळ बलाचे कण मारले तर त्यांची आपसातली गुंतागुंत निस्तरता येत नाही. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या जेफरसन प्रयोगशाळेनं यावर नामी तोड काढली. इलेक्ट्रॉनला क्षीण (वीक) बल कळतं आणि क्षीण बलाच्या दृष्टीनं न्यूट्रॉनचा भार जवळजवळ एक, तर प्रोटॉनचा फारच थोडा. हे बल डावं-उजवं असा भेदभाव करतं. म्हणून डावखुरे आणि उजवे इलेक्ट्रॉन आळीपाळीनं शिशावर मारले आणि विखुरण्यातला फरक मोजला. फरक किती, तर 100 कोटींत 550. एवढी बारीक मोजणी करून 2021 मध्ये निकाल आला: शिशाची न्यूट्रॉन-त्वचा 0.283 फर्मी, अधिकउणे 0.071.

हा आकडा बऱ्याच जणांना पचला नाही, कारण तो अपेक्षेपेक्षा जाड होता. पुढच्याच वर्षी तसाच प्रयोग कॅल्शियम-48 वर झाला तर तिथं त्वचा निघाली पातळ, 0.121 फर्मी. एका सिद्धांतात दोन्ही आकडे बसवणं अवघड जातं. जपानमध्ये ओसाकाला शिशातले प्रोटॉन न्यूट्रॉनांच्या विरुद्ध किती हलतात हे मोजून आधीच पातळ आकडा आला होता, 0.156 च्या आसपास. सर्नच्या मोजमापांवरून 2023 मध्ये झालेल्या विश्लेषणानं 0.217 दिला, म्हणजे दोघांच्या मध्ये. मला यात ओसाकाचं पारडं जड वाटतं. पण खरं सांगायचं तर निकाल लावण्याइतका पुरावा कुणाकडंच नाही.

कोल्हापूरकराला या दशांशांशी काय देणंघेणं? या त्वचेची जाडी ठरवणारा न्यूट्रॉन-पदार्थाचा दाबच न्यूट्रॉन ताऱ्याची त्रिज्या ठरवतो. शिशातली त्वचा जाड असेल तर दहा-बारा किलोमीटर त्रिज्येचे तारेही थोडे मोठे निघतील. 17 ऑगस्ट 2017 ला असे दोन तारे एकमेकांवर आदळल्याच्या गुरुत्वीय लहरी लायगो वेधशाळेनं टिपल्या. त्या लहरींनी कल दिला तो लहान ताऱ्यांकडं, म्हणजे पातळ त्वचेकडं. त्याच धडकेत जड मूलद्रव्यं तयार झाल्याच्या खुणा दुर्बिणींना दिसल्या. सोनं अशाच ठिकाणी घडतं असं आता मानतात. ताऱ्यांत मूलद्रव्यं कशी शिजतात याची पायाभूत मांडणी 1957 मध्ये बर्बिज दांपत्य, फाउलर आणि फ्रेड हॉइल यांनी केली. त्याच हॉइलचे केंब्रिजमधले विद्यार्थी जयंत नारळीकर, ज्यांचा जन्म 1938 साली कोल्हापूरचा. आणि लायगोची भारतीय वेधशाळा आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ व्हायची आहे. ती चालू झाली की शिशाच्या त्वचेचा वाद मराठवाड्यातूनही पुढं सरकेल.

आता ते तीस टक्के गैरहजर प्रोटॉन. केंद्रकात दोन प्रकारच्या जोड्या जमतात. एक सौम्य जोडी: प्रोटॉन प्रोटॉनशी, न्यूट्रॉन न्यूट्रॉनशी, उलट फिरकीनं. त्यामुळंच सम संख्येची केंद्रकं जास्त टिकाऊ असतात. ही दूरदूरची जोडी आहे, कमी ऊर्जेची. दुसरी जोडी एकदम झटापटीची. दोन कण एक फर्मीच्या आत येतात, क्षणभर जबरदस्त वेगानं एकमेकांशी झुंजतात आणि सुटतात. जेफरसन प्रयोगशाळेनं 2008 मध्ये कार्बनमध्ये दाखवलं की साधारण वीस टक्के कण कोणत्याही क्षणी अशा झटापटीत असतात, आणि त्यातल्या नव्वद टक्के जोड्या प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या असतात. दोन प्रोटॉनांच्या जोड्या जेमतेम पाच टक्के. कारण या अंतरावर बलाचा जो भाग जोर करतो तो फिरक्या एका दिशेला असतानाच ओढतो, आणि दोन सारख्या कणांना तशा अवस्थेत इतकं जवळ येणं पाउलीचा नियम सहसा करू देत नाही. 2014 मध्ये हाच प्रकार लोखंडात आणि शिशातही आढळला.

याचा परिणाम खासबागच्या मैदानात उभं राहून समजून घ्यावा. समजा आखाड्याच्या एका बाजूला 82 पैलवान आणि दुसऱ्या बाजूला 126, आणि कुस्ती फक्त पलीकडच्याशीच लावायची. जेवढ्या कुस्त्या होतील तेवढ्या दोन्ही बाजूंना सारख्याच मोजल्या जातील, पण 82 वाल्यांतल्या प्रत्येकाच्या वाट्याला दीडपट कुस्त्या येणार. शिशात नेमकं हेच होतं. 2018 मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार केंद्रकात न्यूट्रॉन जसे वाढत जातात तसं वेगवान प्रोटॉनांचं प्रमाण वाढतं, न्यूट्रॉनांचं जवळजवळ तेवढंच राहतं. नुसतं कवचांच्या हिशेबानं पाहिलं तर जे संख्येनं जास्त, तेच जास्त वेगानं फिरायला हवेत. प्रत्यक्षात गर्दीतले थोडकेच जास्त पळतात. सॅक्लेच्या आलेखातल्या उणिवेचा मोठा भाग इथं सापडतो: प्रोटॉन कक्षेतून गायब असतो तेव्हा बऱ्याचदा कुठल्या तरी न्यूट्रॉनशी भिडलेला असतो. 1983 मध्ये सर्नच्या एका गटाला आढळलं होतं की लोखंडात बांधलेल्या प्रोटॉनच्या आतले क्वार्क मोकळ्या प्रोटॉनपेक्षा वेगळे वागतात. त्याचंही मूळ या झटापटीतच असावं, असं आता बरेच जण मानतात. मात्र त्याचा पुरावा अजून सहसंबंधापुरता आहे.

केंद्रकाच्या कडेला आणखी एक टोळी जमते: दोन प्रोटॉन, दोन न्यूट्रॉन, म्हणजे अल्फा कण. जुन्या पेट्रोमॅक्स बत्तीची मॅण्टल आठवा. ती जाळी थोरियमच्या संयुगात भिजवलेली असायची. कुस्तीच्या फडात, तमाशात, लग्नाच्या वरातीत ती जळायची तेव्हा तिच्यातल्या थोरियमची केंद्रकं गुपचूप अल्फा कण सोडत असायची. एका ग्रॅम थोरियममागं सेकंदाला सुमारे चार हजार. तरीही निम्मं थोरियम संपायला 1400 कोटी वर्षं लागतात. अल्फा कणाला भिंत ओलांडण्याइतकी ऊर्जा नसतानाही तो बोगद्यातून निसटावा तसा बाहेर येतो, हे गॅमॉनं 1928 मध्ये सांगितलं. पण बाहेर पडण्याआधी अल्फा तयार स्थितीत असतो का? 2021 मध्ये ओसाकाला कथिलाच्या केंद्रकांवर वेगवान प्रोटॉन मारून दाखवलं गेलं की होय, पृष्ठभागावरच्या विरळ पट्ट्यात अल्फा खरोखर बांधलेले असतात, आणि न्यूट्रॉन वाढतील तसे ते कमी होतात. म्हणजे न्यूट्रॉन-त्वचेच्या हिशेबात या टोळीचाही हिस्सा धरावा लागेल.

सोन्याच्या पलीकडं, प्रोटॉन वाढत गेले की शेवटी अपकर्षणच जिंकतं. केंद्रक थेंबासारखं ताणलं जाऊन फुटतं हे नील्स बोर आणि व्हीलर यांनी ज्या निबंधात मांडलं तो 1 सप्टेंबर 1939 ला छापून आला, दुसरं महायुद्ध सुरू झालं त्याच दिवशी. आजवर बनवलेलं सर्वांत जड मूलद्रव्य 118 प्रोटॉनांचं ओगॅनेसॉन आहे. त्याचे मोजकेच अणू तयार झालेत, आणि त्यात प्रोटॉनांची मधली घनता बरीच खोल गेलेली असावी असं गणित सांगतं. मोजून कुणी पाहिलेलं नाही.

म्हणजे सोनं फुटत नाही, कारण 79 हा आकडा अजून सुरक्षित हद्दीत आहे आणि 118 न्यूट्रॉन प्रोटॉनांमधलं अंतर राखून त्यांना धरून ठेवतायत. शिशातल्या प्रोटॉनांचा पसारा आपल्याला फर्मीच्या हजाराव्या भागापर्यंत ठाऊक आहे. न्यूट्रॉन-त्वचेतली अनिश्चितता त्याच्या पन्नास पटींहून मोठी आहे. जर्मनीत माइन्झला उभ्या राहत असलेल्या मेसा त्वरकावर शिशाचं मोजमाप पुन्हा करायचा बेत आहे, त्यातून वाद मिटण्याची आशा धरायला हरकत नाही.

कोल्हापुरातल्या बीएस्सी, एमएस्सीच्या मुलामुलींना मात्र माइन्झची वाट पाहायची गरज नाही. शिवाजी विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकत असाल आणि या प्रश्नानं डोकं पकडलं असेल तर प्राध्यापकांमार्फत मुंबईच्या पेलेट्रॉनवर काम करणाऱ्या गटांना पत्र लिहा, उन्हाळी प्रकल्पांची चौकशी करा. महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री कोल्हापूर सोडते आणि सकाळी सीएसएमटीला उतरवते. तिथून टीआयएफआरचं नेव्हीनगर बसनं जाण्याइतकंच आहे.